खाडीकाठी जायचंय? आधी परतीची वेळ ठरवा

रविवारी सकाळी उठायचं, 'फ्लेमिंगो आलेत का?' असं ग्रुपवर विचारायचं आणि गाडी काढून पाम बीच रोडला लागायचं. भरती आहे की ओहोटी ते तिथे पोचल्यावर बघायचं. फाटक बंद दिसलं, तर कुंपणाला भगदाड कुठे आहे ते शोधायचं. ठाणे-नवी मुंबईतली बरीच मंडळी खाडीकाठी अशीच जातात, आणि क्रमच उलटा असल्यामुळे अडकतात. कोणी चिखलात रुततं, कोणी वनरक्षकाशी हुज्जत घालत बसतं, आणि ज्या पक्ष्यांसाठी आलो ते तर केव्हाच उडून गेलेले असतात.

क्रम असा हवा: जागा कोणती, पाणी कधी येणार, ती उघडी आहे का, आणि मग आपण कधी निघायचं. खाली टप्प्याटप्प्याने तेच आहे. दुसरा आणि तिसरा टप्पा लांबलाय, कारण गोंधळ तिथेच होतो.

१. जागा कोणाच्या ताब्यातली आहे ते ओळखा

खाडी सगळीकडे सारखीच दिसते, नियम मात्र दर किलोमीटरला बदलतात.

ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्यामधल्या पट्ट्यात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये ते अधिसूचित झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं तिवरांचं जंगल. २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तिकीट काढून लाकडी वाटेवरून फिरणं ही झाली परवानगी. मागच्या बांधावरून, मासेमारीच्या पायवाटेने किंवा कुंपण वाकवून आत शिरणं ही घुसखोरी. 'आम्ही काही तोडलं नाही, फक्त फोटो काढले' हा बचाव तिथे चालत नाही. या कायद्याखालच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नेरूळ-सीवूड्सकडची पाणथळं, म्हणजे टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूची, एनआरआय संकुलामागची आणि डीपीएस शाळेजवळचा तलाव, अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणून तिथे काहीही चालतं असा समज पसरलाय. पक्षी मात्र तेच आहेत. भरतीला खाडीतला गाळाचा पट्टा पाण्याखाली गेला की थवे या तलावांवर विसाव्याला येतात. भोवतीच्या कांदळवनालाही संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टासुद्धा मोकळा ठेवायला सांगितलं आहे. तिवराच्या झाडाखाली चटई टाकून डबा उघडण्याआधी हे लक्षात असू द्या.

नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार, ठाण्याकडची गायमुख चौपाटी आणि पारसिक-रेतीबंदरचा काठ ही शहरातली फिरायची ठिकाणं. इथे वेळापत्रक, फाटक आणि रखवालदार असतो. जोखीम कमी, तरी नाही असं नाही. कोळीवाड्यांच्या जेट्ट्या, म्हणजे दिवाळे, सारसोळे, ऐरोलीजवळचं दिवा, ही माणसांची कामाची जागा आहे. तिथे गेलात तर होड्यांवर चढू नका, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नका आणि मासळी उतरत असताना मध्ये उभे राहू नका.

नवी मुंबईत आणखी एक प्रकार आहे, आणि तो बाहेरून आलेल्यांना कळतच नाही: धारण तलाव. शहराचा बराच भाग सखल असल्यामुळे सिडकोने पावसाचं पाणी थोपवून धरण्यासाठी हे तलाव बांधले. खाडीच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. वरून संथ दिसणाऱ्या या पाण्यात तळाला खोल गाळ साचलेला असतो, आणि झडप उघडली की तोंडाशी ओढ जोरदार असते. खारभूमीच्या जुन्या बांधांवर जिला 'उघाडी' म्हणतात तिचाही स्वभाव हाच.

इशारा: झडप, उघाडी किंवा नाल्याचं तोंड दिसलं की काठावर बसायचं नाही, पोरांना तर तिकडे फिरकूच द्यायचं नाही. बॉल पाण्यात गेला तर गेला.

२. भरतीचं गणित घरी बसून करा

आधी एक गोष्ट पक्की करा: गाळावर उतरायचं नाही, ओहोटी असली तरी नाही. हे गणित बांध, घाटाच्या पायऱ्या, जेट्टीचे खालचे टप्पे आणि कांदळवनाच्या कडेच्या वाटा यांच्यासाठी आहे, कारण पाणी चढतं ते याच जागांवर.

*पायरी पहिली: वेळ काढा.* मुंबईसाठी जो भरतीचा तक्ता मिळतो त्यातली वेळ साधारणपणे अपोलो बंदरची असते. पाणी बंदरातून वर चढत वाशी, ऐरोली, कळव्याकडे येतं, म्हणजे आतल्या टोकाला भरती उशिरा पोचते. हा फरक सोयीने वापरा. पाणी चढायला कधी लागणार हे ठरवताना तक्त्यातलीच वेळ धरा. ती थोडी आधीची असल्यामुळे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. पाणी कधी उतरेल हे ठरवताना मात्र निदान तासभर जास्त धरा.

गायमुख आणि नागला बंदरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडचं पाणी वसईच्या तोंडातून उल्हास नदीने वर येतं. त्या काठाचा मुंबई बंदराच्या वेळेशी थेट मेळ बसत नाही. तिथे वसई खाडीचा अंदाज बघा.

*पायरी दुसरी: तिथीने ताळा करा.* किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे मोबाइल नव्हता तेव्हाही हिशेब होता. तिथीला पाऊण तासाने गुणायचं. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, रीत तीच, आणि दिवसातून दोनदा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला. अष्टमीच्या आगेमागे, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर असते त्या भांगाच्या दिवसांत, हे गणित जास्त चुकतं, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. पण तक्ता एक सांगतोय आणि तिथी भलतंच सांगतेय असं झालं, तर बहुधा तुम्ही तारीख चुकीची उघडलेली असते. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालचा स्क्रीनशॉट आज चालत नाही.

*पायरी तिसरी: उधाण आहे का ते बघा.* अमावास्या आणि पौर्णिमा, व त्यापुढचे दोन-तीन दिवस, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. आता वरच्या हिशेबाशी हे जोडा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असेल, तर ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास तळाला. म्हणजे लोक फिरायला येतात नेमक्या त्याच वेळी खाडी दूरवर उघडी पडलेली, वर चंद्र उगवतोय, फोटोला याहून बरी वेळ नाही. आणि पाणी परत फिरतं ते अंधारात. खाडीकाठचा सर्वांत फसवा दिवस कुठला असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन.

*पायरी चौथी: पाण्याचा वेग समजून घ्या.* पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. चढ चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम एक फूट पाणी वाढतं, आणि तिसऱ्या तासात एक मीटर. पहिल्या तासाला बघून 'अजून बराच वेळ आहे' म्हणणारा इथेच गंडतो. शिवाय खाडी सपाट नाही. पाणी समोरून येण्याआधी मागच्या नाळींमधून शिरतं, आणि तुम्ही समोर बघत असता तेव्हा परतीची वाट भरलेली असते.

म्हणून नियम: ओहोटी तळाला गेल्यानंतर तासाभरात प्रत्येकाने पक्क्या, उंच वाटेवर परत यायचं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवशी खालच्या वाटा पूर्ण सोडा. त्या दिवशी वरून पाऊस जोराचा असेल तर नाले उलटे वाहतात, झडपा बंद असल्यामुळे धारण तलावही फुगतात. घरी थांबा.

पक्षी बघायचे असतील तर हाच तक्ता उलट कामाला येतो. नेरूळ-सीवूड्सच्या तलावांवर भरतीच्या आधी तासभर पोचा आणि शांत बसा. थवे स्वतःच येतील. नोव्हेंबर ते मे हा साधारण हंगाम. ओहोटीला याच तलावांवर जाऊन 'फ्लेमिंगो नाहीतच' अशी तक्रार करणारे दरवर्षी भेटतात. ते तेव्हा खाडीच्या गाळात चरत असतात.

तपासा: निघण्याआधी चार वेळा कागदावर हव्यात. ओहोटीचा तळ, पुढची भरती, सूर्यास्त, आणि या तिन्ही बघून ठरवलेली परतीची वेळ. घरी राहणाऱ्या एका माणसाला ती परतीची वेळ सांगून ठेवा.

३. 'बंद' आहे का ते विचारा, आणि उत्तर मान्य करा

नकाशाच्या ॲपवर 'आता उघडे' लिहिलं म्हणजे उघडं असतंच असं नाही. ती वेळ कोणीतरी केव्हातरी भरलेली असते. बंदी निरनिराळ्या वाटांनी येते, आणि प्रत्येकीची चौकशी वेगळीकडे करावी लागते.

साप्ताहिक सुट्टी आणि बोटीचा हंगाम: ऐरोलीच्या केंद्रात जायचं तर आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. केंद्र उघडं आहे का? आणि बोट सुटणार आहे का? केंद्र उघडं आणि बोट बंद हे नेहमीचं आहे, कारण बोट भरती बघून सुटते आणि पावसाळ्यात थांबते. फक्त पहिला प्रश्न विचारून डोंबिवलीहून आजी-आजोबांना घेऊन येणारी कुटुंबं फाटकावर हिरमुसतात.

मनाई आदेश: पावसाळ्यात धबधबे, तलाव, खाडीकिनारे अशा ठिकाणी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. पूर्वी हे कलम १४४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लागतं. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. 'बोर्डच नव्हता' हे कारण पुढे करण्यापेक्षा ठाणे जिल्हा प्रशासन, ठाणे आणि नवी मुंबई पोलीस व दोन्ही महापालिकांची अधिकृत खाती आदल्या रात्री बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

हवामान: भारतीय हवामान विभागाचा इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द. पिवळ्याला जायचं की नाही ते भरती बघून ठरवा. समुद्राच्या लाटा आणि उसळीचा इशारा हैदराबादची इन्कॉइस संस्था देते, तोही बघावा.

दुरुस्ती आणि बांधकाम: लाकडी वाटेच्या फळ्या खाऱ्या हवेने कुजतात. त्या बदलायला काढल्या की वाट बंद होते. ठाण्याकडच्या काठावर कामाचे पत्रे लागलेले दिसले तर त्यांच्या आड उकरलेली जमीन, उघड्या सळया आणि अवजड गाड्या असतात. पत्र्याच्या फटीतून शिरणं हा शॉर्टकट होत नाही.

विसर्जन: गणपती आणि नवरात्रात घाटांच्या वाटा वळवलेल्या असतात. त्या दिवशी पक्षी बघायला म्हणून घाटावर जाऊ नये. विसर्जनानंतरचे चार दिवसही पायऱ्या निसरड्या असतात आणि पाण्यात पाटाच्या फळ्या, खिळे, तारा तरंगत असतात.

आता उत्तर 'बंद' आलं, तर काय? इथे आपल्याकडची खास सवय आडवी येते: 'दादा, पाच मिनिटं फक्त, लांबून आलोय.' फाटकावरच्या दादांना फाटक उघडायचा अधिकार नसतो. तुम्हाला सोडलं आणि काही झालं तर नोकरी त्यांची जाते. त्यांच्याशी वाद घालू नका, पैसे पुढे करू नका, आणि ते जेवायला गेल्याची संधी तर साधूच नका.

त्यापेक्षा दुसरा बेत खिशात ठेवून निघा. ऐरोली बंद असेल तर ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पक्क्या वाटेवर चाला. ठाण्यात असाल तर मासुंदा किंवा उपवन तलाव आहेच. पोरांची निराशा टळते आणि मोठ्यांचा हट्टही.

इशारा: आत आधीच लोक दिसतायत याचा अर्थ जागा उघडी आहे असा नाही. ते कोळी असू शकतात, वनखात्याचे कर्मचारी असू शकतात, किंवा तुमच्याआधी भगदाड सापडलेले कोणी.

४. पिशवीत काय, अंगावर काय

थोडक्यात. नाडीचे, बंद बूट घाला. चपला आणि फ्लोटर चिखलात राहतात आणि पाय मोकळा सुटतो तो थेट कालवांवर, म्हणजे दगडांना चिकटलेल्या शिंपल्यांवर पडतो. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. अंगात मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, टोपी. बांधांवर सावली नसते, एप्रिल-मे मध्ये माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं घ्या. विजेरी, शिट्टी, भरलेला मोबाइल प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत, आणि पाच-सहा मीटर दोरी. दोरी नसेल तर दोन ओढण्या. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.

काय न्यायचं नाही: स्पीकर, फटाके, थर्माकोलच्या प्लेटा, दारू, पाळीव कुत्रा आणि ड्रोन. कुत्रा कितीही गुणी असला तरी थवा त्याला ओळखत नाही. ड्रोनचं वेगळं सांगतो: अभयारण्यावर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आणि उलव्याला विमानतळ झालाय. ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशावर तुमची जागा कुठल्या रंगात आहे ते एकदा बघा, हौस फिटेल.

५. पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

गाडी पाम बीच रोडच्या कडेला लावू नका. तिथे गाड्या वेगात असतात आणि दार उघडून उतरणारी पोरं कोणाला दिसत नाहीत. नेरूळ, सीवूड्स-दारावे किंवा ऐरोली स्टेशनला उतरून रिक्षा करणं सोपं पडतं.

मग आत शिरायची घाई न करता उभे राहा आणि हे क्रमाने करा:

1. फाटकावरचा सगळा फलक वाचा, तारखेसकट. जुन्या फलकावर नवा कागद चिकटवलेला असेल तर कागद खरा धरा.
2. काठाच्या दगडांवर किंवा तिवरांच्या खोडांवर ओल्या चिखलाची रेघ कुठवर आहे ते बघा. पाणी तिथवर येतं. तुमची वाट त्या रेघेच्या खाली जात असेल तर ती वाट रद्द.
3. दोन बाहेर पडायच्या जागा नजरेत ठेवा.
4. माणसं मोजा आणि भेटायची जागा ठरवा. पोरांना सांगा: हरवलात तर तिथेच थांबा, शिट्टी वाजवा.
5. मोबाइलला रेंज आहे का बघा.

तपासा: पाणी आत्ता चढतंय की उतरतंय? काठाला एखादी काडी रोवा आणि दहा मिनिटांनी बघा. कागदावर लिहिलेलं आणि काडी सांगतेय ते जुळलं नाही, तर काडीवर विश्वास ठेवा.

६. चालताना

बांधलेली वाट सोडायची नाही. तिवराभोवती गाळातून वर आलेली बोटभर टोकं म्हणजे झाडाची श्वसनमुळं. त्यांच्यावर पाय पडला की ती मोडतात. निवट्या (गाळावर उड्या मारणारा मासा) दिसला, चिंबोरी दिसली म्हणून एक पाऊल खाली टाकू नका. गाळाचा वरचा थर उन्हाने कोरडा, तडे गेलेला दिसतो आणि खाली गुडघाभर रेंदा असतो. कोळी बायका त्याच गाळातून सराईतपणे जाताना दिसतील. त्यांना घट्ट जमीन कुठे आहे ते ठाऊक असतं आणि पाय कसा टाकायचा तेही. त्यांच्या पावलांचे ठसे तुमच्यासाठी वाट नाहीत.

पक्ष्यांपासून किती लांब? मीटरचा आकडा देण्यापेक्षा थव्याकडे बघायला सांगतो. चोची पाण्यात आणि माना खाली असतील तर तुम्ही योग्य अंतरावर आहात. चरणं थांबून माना वर झाल्या की जागीच थांबा. सगळा थवा एकाच दिशेने चालायला लागला की तुम्ही फार जवळ आलात. हळूच मागे सरा. तो उडेपर्यंत वाट बघू नका. उडत्या थव्याचा व्हिडिओ हवा म्हणून टाळ्या वाजवणारे आणि दगड मारणारे लोक मी पाहिलेत. वन्यजीव कायद्यात प्राण्याला हुसकावणंही शिकारीच्या व्याख्येत येतं, हे त्यांना ठाऊक नसावं.

फांद्या तोडायच्या नाहीत, शेकोटी नाही, सिगारेटचं थोटूक नाही. वाळलेलं गवत आणि कचरा बांधावर भराभर पेटतो.

कांदळवनात कोल्हे आहेत. संध्याकाळी वाटेवर दिसला तर नशीब समजा आणि जाऊ द्या. खाऊ घालू नका. कोल्हा किंवा भटका कुत्रा चावला, नुसतं ओरबाडलं तरी, साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. नवी मुंबईत आणि ठाण्यात पालिकेच्या रुग्णालयात जा, 'उद्या बघू' करू नका.

७. बोटीत

लाइफ जॅकेट चढवून सगळे पट्टे आवळायचे. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही, मापाचं नसेल तर त्याला घेऊन बोटीत चढू नका. सगळे एकाच बाजूला फोटोसाठी सरकू नका. नावाडी म्हणाला 'याच्या पुढे नाही', तर नाही. त्याला जास्त पैसे देऊन थव्यात बोट घालायला सांगणारे गिऱ्हाईकच या खाडीचं जास्त नुकसान करतात, असं माझं मत आहे.

८. अडकलात तर

*पाय रुतला:* ताठ उभं राहून एकेक पाय उपटायला जाल तर दुसरा आणखी खोल जातो. पाठीवरची पिशवी काढून बाजूला टाका. मागे रेला, बसल्यासारखे व्हा, जमल्यास पाठीवर पसरा. वजन पसरलं की बुडणं थांबतं. मग एक पाय हळूहळू हलवून त्याभोवती पाणी शिरू द्या आणि आडवाच ओढून काढा. बूट गेला तर जाऊ द्या. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला लोळत, सरपटत परत या.

*दुसरा कोणी रुतला:* धावत जाऊ नका, रुतलेल्यांची संख्या वाढते. पक्क्या जागेवरून दोरी, ओढणी, फळी टाका. पाणी चढतंय का ते बघा आणि लगेच फोन करा.

*पाण्यात पडला:* हाच नियम. आधी काहीतरी फेका: दोरी, रिकामी बंद बाटल्यांची पिशवी, जॅकेट. पोहता येतं म्हणून उडी मारू नका. तलावात पोहणं वेगळं आणि ओढ असलेल्या खाडीत बूट-कपड्यांनिशी पोहणं वेगळं.

*वाट भरली:* पाणी ओलांडून पलीकडे जायचा मोह टाळा. जवळचा सर्वांत उंच बांध गाठा, सगळे एकत्र थांबा, शिट्टी आणि विजेरी वापरा.

फोन: ११२ वर सर्व प्रकारची मदत मिळते. किनारा सुरक्षेसाठी सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४, रुग्णवाहिका १०८. जागा सांगताना 'खाडीजवळ' असं मोघम बोलू नका. पूल, सेक्टर, जवळची सोसायटी किंवा जेट्टीचं नाव, आणि पाणी चढतंय की उतरतंय तेही सांगा. जवळ कोळीवाडा असेल तर तिकडेही माणूस पाठवा. होडी घेऊन आधी पोचणारे बहुधा तेच असतात.

कालवाने कापलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, आतली रेती निघेपर्यंत, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालला असाल, त्यातून पायाला जखम असेल, तर लेप्टोचा धोका असतो. ताप यायची वाट न बघता एक ते तीन दिवसांत डॉक्टरांकडे जा. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

९. निघताना

ठरवलेल्या वेळेला निघायचं. 'सूर्यास्त तेवढा बघू' हे वाक्य गटात कोणीतरी हमखास बोलतं. त्याला सूर्यास्त पक्क्या वाटेवरून दाखवा. माणसं परत मोजा. घरी ज्याला वेळ सांगितली होती त्याला फोन करा.

फोटो टाकताना घरट्याची किंवा आतल्या पायवाटेची नेमकी जागा टाकू नका. 'ठाणे खाडी' एवढं पुरतं. कुंपणाच्या भगदाडातून काढलेला फोटो तर टाकूच नका, पुढच्या रविवारी त्याच भगदाडापुढे रांग लागते.

जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. कांदळवनात भराव टाकताना, तिवरं तोडताना किंवा झडपेपाशी पाणी अडवलेलं दिसलं तरी तिथेच कळवायचं. सोबत वाटेवरूनच काढलेला फोटो, तारीख, वेळ आणि जागा द्या. राडारोड्याचे डंपर बहुतेक रात्री येतात. अशी गाडी दिसली तर क्रमांक लिहून घ्या आणि चालू लागा. फोन पुढच्या चौकात पोचल्यावर करा. एकट्याने गाडीसमोर उभं राहून व्हिडिओ काढू नका.